पाच जूनला शाळा बंद असते: पर्यावरण शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वर्षभराचा आराखडा

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला येतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा तेव्हा उन्हाळी सुट्टीत असतात. आमच्याकडे घंटा वाजते ती जूनच्या मध्याला, विदर्भात त्याहूनही उशिरा. मग शाळा उघडल्यावर एखादा दिवस ठरतो. रोपं येतात, खड्डे खणले जातात, फोटो निघतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. त्या रोपांचं पुढे काय झालं हे जानेवारीत कुणी विचारत नाही. मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मीही हेच केलं, आणि मनापासून केलं.

बदल झाला तो एका साध्या नोंदवहीमुळे. हा लेख त्या वहीभोवतीच फिरणार आहे. पर्यावरण शिक्षणाची साधनं आणि प्रशिक्षणं आता भरपूर आहेत. अडचण असते ती त्यातलं काय घ्यायचं आणि आपल्या पाचवीच्या वर्गात ते कसं उतरवायचं याची. माझा अनुभव सांगतो की सुरुवात शाळेच्या आवारातून करावी, एकच गोष्ट वर्षभर मोजावी, आणि साहित्य व प्रशिक्षण त्या मोजण्याच्या गरजेतून शोधावं. क्रम उलटा झाला की पोस्टर कपाटात जातं आणि प्रमाणपत्र फाइलमध्ये.

आधी एक अडथळा दूर करा

"अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, त्यात हे अवांतर कशाला?" हा प्रश्न मुख्याध्यापकांकडून नाही आला तर सहकाऱ्यांकडून येतोच. त्याचं उत्तर तयार ठेवा. हे अवांतर नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा शिक्षणाचा आवश्यक भाग करण्याचे निर्देश दिले. त्याआधी 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. आपल्याकडे तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' आहे, पुढे विज्ञान आणि भूगोल आहेत, आणि नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषयही आला.

या पुस्तकांतला जवळपास प्रत्येक धडा आवारात नेता येतो. त्यासाठी वेगळी तासिका मागू नका. आठवड्यातून एक परिपाठ आणि परिसर अभ्यासाची एक तासिका एवढं पुरतं. गणिताच्या तासाला तर मी हक्काने बाहेर जाते. सरासरी, आलेख, क्षेत्रफळ, लिटर-मिलिलिटर हे सगळं तिथे मुलांच्या हातात असतं.

पहिला आठवडा: आवार फिरा

मुलांना घेऊन शाळेच्या कुंपणाच्या आतून एक फेरी मारा. हातात कागद, कागदामागे पुठ्ठा. शाळेचा कच्चा नकाशा काढायला सांगा आणि त्यावर चारच गोष्टी दाखवायला सांगा: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, कचरा कुठे साठतो, झाडं कोणती आणि कुठे, दुपारी दोन वाजता सावली कुठे असते. मोठी माणसं यात फार काही नवं सांगत नाहीत. मुलं सांगतात. आमच्या एका फेरीत तिसरीतल्या मुलाने दाखवलं की हात धुण्याच्या जागेचं पाणी भिंतीच्या कडेने वाहत जाऊन एका कोपऱ्यात साचतं आणि तिथेच बेडकं आहेत. तीन वर्षं मी त्या भिंतीजवळून जात होते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचा हरित शाळांचा उपक्रम 2006 पासून चालू आहे. त्यात मुलंच आपल्या शाळेचं परीक्षण करतात: हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा. त्यांची प्रश्नावली चांगली आहे. पण पहिल्याच वर्षी सहाही विषय घेऊ नका. दोन शिक्षकी शाळेत ते झेपत नाही आणि अर्धवट सुटलं की मुलांचाही विश्वास जातो. एक विषय निवडा. कोणता ते फेरीत मुलांनी सर्वात जास्त ज्याबद्दल विचारलं त्यावरून ठरवा.

आता वही. शंभर पानी मोठी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, वेळ, आभाळ कसं आहे, कुणी पाहिलं, काय पाहिलं किंवा मोजलं, आणि शेवटचा रकाना, कोणता प्रश्न पडला. हा शेवटचा रकाना कधीही वगळू नका. त्यात दर आठवड्याला एक तरी प्रश्न आला पाहिजे, आणि त्याचं उत्तर लगेच सापडलं नाही तरी चालतं.

एक झाड, एक वर्ष

कुठून सुरुवात करावी हे ठरत नसेल तर झाड घ्या. खर्च शून्य, पाऊस असो वा ऊन, ते जागेवर असतं. आवारातलं किंवा रस्त्यापलीकडचं एक ओळखीचं झाड निवडायचं: करंज, कडुलिंब, आंबा, चिंच, पिंपळ, बहावा. त्याला सुतळीने ओळखपट्टी बांधायची, खिळा ठोकायचा नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी चार मुलांचा गट झाडाखाली जाईल आणि पाहील: कोवळी पालवी, जून पानं, पिवळी पडलेली पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे तीनच शक्यता: नाही, थोडी, भरपूर. दुसरीतलं मूलही हे करू शकतं.

ही पद्धत माझी नाही. 'सीझनवॉच' हा देशभरातल्या झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणारा लोकविज्ञानाचा उपक्रम आहे आणि त्यात हजारो शाळकरी मुलं भाग घेतात. तुमच्या वहीतली नोंद तिथे भरता येते. त्यामुळे मुलांना आपण पाहिलेलं शाळेबाहेर कुणाच्या तरी उपयोगी पडतंय हे कळतं. पण आधी वही, मग मोबाइल. नेटवर्क नसलं म्हणून निरीक्षण थांबता कामा नये.

आम्ही करंज निवडला होता. मार्चमध्ये पालवी आली, चकचकीत हिरवी, आणि काही आठवड्यांत एका मुलीने वहीत लिहिलं: "पानांवर फोड आले आहेत. झाडाला कांजिण्या होतात का?" मला उत्तर माहीत नव्हतं. तसं वर्गात सांगितलं. आम्ही एक पान आणलं, भिंगाखाली धरलं. बोटाने चाचपल्यावर हिरवे टणक फोड लागत होते, काही टोकदार, काही गोल. ब्लेडने मी एक उभा चिरला, तर आत पोकळी. कृषी पर्यवेक्षकांना फोटो पाठवला तेव्हा कळलं की कोळ्यांच्या जातकुळीतले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पानात राहतात आणि पान त्यांच्याभोवती अशी गाठ तयार करतं. झाड त्याने मरत नाही. पुढचा महिनाभर मुलं दिसेल त्या झाडाची पानं उलटून बघत होती. उंबराच्या पानांवर वेगळ्या गाठी सापडल्या.

त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. "मला माहीत नाही, आपण बघू" हे वाक्य शिक्षकाने वर्गात मोकळेपणाने म्हटलं की मुलांची नजर बदलते. तुम्हाला झाडांची, पक्ष्यांची नावं येत नसतील तर त्यासाठी थांबू नका.

दसऱ्याच्या आठवड्यात एक जोडकाम नक्की करा. बाजारात 'आपटा' म्हणून विकायला येणारी पानं बऱ्याचदा कांचनाची असतात. दोन्ही आणा. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. मुलांना पट्टीने लांबी-रुंदी मोजून तक्ता करायला सांगा. मग विचारा, एका फांदीवर किती पानं होती आणि गावात किती फांद्या तोडल्या गेल्या असतील? पुढचं तुम्हाला बोलावं लागत नाही. आमच्याकडे त्या वर्षीपासून प्रत्येक घराला एकच पान द्यायचं असं मुलांनी ठरवलं.

पाऊस मोजायचा तर

दुसरा हमखास उपक्रम पर्जन्यमापकाचा. दोन लिटरची सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या. जिथे खांदा सुरू होतो तिथे आडवी कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आत खडे टाका आणि भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असल्यामुळे पातळी जितकी चढेल तितकाच पाऊस.

चुकतं ते ठेवण्याच्या जागेत. पन्हाळीजवळ, झाडाखाली, भिंतीला टेकून ठेवलेला मापक खोटं सांगतो. जवळची भिंत तीन मीटर उंच असेल तर मापक तिच्यापासून निदान सहा मीटर दूर हवा. वाऱ्याने कलंडू नये म्हणून विटांमध्ये बसवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा तुम्हीही रोज साडेआठला नोंद घ्या. शाळा उशिराची असेल तर जवळ राहणारी दोन मुलं नेमा. कोकणात किंवा घाटावर असाल तर बाटली रात्रीत भरून वाहू शकते, तिथे संध्याकाळीही एकदा मोजावं. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं, हे मुलं विसरतात.

चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं. मुलांना हा आकडा सांगा आणि आपल्या गावात असे दिवस किती आले ते वहीत शोधू द्या. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून 94 सेंटिमीटरवर खडूने रेघ मारा आणि मुलांना शेजारी उभं करा. चौथीच्या मुलाच्या छातीशी येते ती.

मग गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर 20 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असेल तर 120 चौरस मीटर झालं. 25 मिलिमीटरच्या एका सरीत 3,000 लिटर. पन्हाळीतून गळणारं, उडून जाणारं धरून वीस टक्के वजा करा, तरी 2,400 लिटर. त्याच आठवड्यात गळक्या नळाखाली एक तासिकाभर, म्हणजे 35 मिनिटं, बाटली लावा. आमच्याकडे पाव लिटर जमलं. दिवसाला 10 लिटरच्या वर आणि वर्षाला साडेतीन हजार लिटरहून जास्त. मुलांनी हा हिशोब कागदावर लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचला आणि दुसऱ्या दिवशी वायसर बदलला गेला. मी त्याआधी दोनदा तोंडी सांगितलं होतं.

गावात सार्वजनिक विहीर असेल तर पाण्याची पातळीही नोंदवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या परिसरातली निरीक्षण विहीर कोणती हे तालुक्यात विचारा. विहिरीत दोरी फक्त मोठ्या माणसाने सोडायची, मुलं कठड्यापासून लांब उभी राहून आकडा लिहून घेतील. यात तडजोड नको. पाऊस आणि विहीर यांचे दोन आलेख एकाच कागदावर आले की हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद का मांडते, हे सातवीच्या मुलांना न समजावता समजतं.

साधनं: काय घ्यावं

याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण याद्या सगळीकडे मिळतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट आहेत. आपल्या इयत्तेबरोबर वरच्या दोन इयत्तांचीही उतरवून ठेवा, प्रयोग तिथून मिळतात. पक्ष्यांसाठी नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा 'अर्ली बर्ड' उपक्रम मुलांसाठी भारतीय भाषांमध्ये चित्रं, खेळ आणि लहान मार्गदर्शिका करतो. 'मर्लिन' हे अ‍ॅप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं आणि एकदा माहिती उतरवून घेतली की नेटशिवाय चालतं. मात्र त्याचं उत्तर अंतिम मानू नका, पक्षी डोळ्यांनी पाहूनच नोंद करा. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. पंधरा मिनिटं शाळेच्या अंगणात उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे, एवढंच काम. साळुंकी आणि कावळेसुद्धा मोजायचे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायचे प्रयोग आणि मराठी पुस्तकं दोन्ही आहेत.

विकत घ्यायचंच असेल तर तीन वस्तू घ्या: चार-पाच भिंगं, एक ताणकाटा आणि मोजमापाची फीत. ताणकाट्यावर शालेय पोषण आहारातलं उरलेलं अन्न आठवडाभर रोज तोला. सोमवारी किती, खिचडीच्या दिवशी किती, उसळीच्या दिवशी किती. ओल्या कचऱ्याचा खड्डा त्यानंतर करा. त्यात ओल्याच्या दुप्पट वाळका पाचोळा टाकायचा. वास यायला लागला की पाणी जास्त झालंय, पाचोळा वाढवा आणि खालीवर करा. पाचोळा जाळणं मात्र त्या दिवसापासून बंद. शिपाईमामांना किंवा झाडणाऱ्या मावशींना आधी विश्वासात घ्या, नाहीतर मुलांनी गोळा केलेला ढीग सुट्टीच्या दिवशी पेटलेला सापडतो.

पैशांसाठी समग्र शिक्षा अंतर्गत इको क्लबची तरतूद असते, त्याबद्दल केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख) विचारा. माध्यमिक शाळेत राष्ट्रीय हरित सेना असेल तर सामाजिक वनीकरण विभागाशी संपर्क असतोच; तिथून स्थानिक रोपं मिळतात. गुलमोहर, सुबाभूळ, कोनोकार्पस नको. करंज, जांभूळ, आपटा, बहावा, आणि जागा मोठी असेल तर उंबर मागा. शेळ्यांपासून राखता येतील तेवढीच लावा, पाच लावून पाच जगवलेली बरी.

गावातली माणसं हीच मोठी साधनं

पालघर, नंदुरबार, मेळघाट अशा भागांत शिकवत असाल तर मुलांना जंगलाचं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, हे आधी मान्य करा. पावसाळ्यात रानभाज्यांचा एक दिवस ठेवा. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, शेवळं. मुलांना घरून फक्त माहिती आणायला सांगा: भाजीचं नाव घरच्या बोलीत काय, कुठे उगवते, कोणता भाग खातात, कशी शिजवतात. आमच्या शाळेत एक आजी आल्या होत्या. त्यांनी शेवळ्याचा कोंब उकलून आतला कोणता भाग टाकायचा ते दाखवलं आणि काकडं ही आंबट फळं घातल्याशिवाय घशाला कशी खाज सुटते ते सांगितलं. मुलं खिळून बसली होती. त्या आजींचा नातू वर्गात कधी बोलत नसे. त्या दिवशी वारली नावं फळ्यावर त्यानेच लिहिली. नियम एकच: अनोळखी भाजी शाळेत शिजवायची नाही आणि मुलांनी एकट्याने तोडून आणायची नाही.

जैवविविधता कायदा 2002 चा, आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती वही पाहायला मागा. मुलांनी जमवलेली नावं त्यात नसतील तर समितीला लेखी द्या. मुलांच्या हस्ताक्षरातला कागद सरकारी वहीत जातो हे मुलांना फार मोठं वाटतं, आणि ते आहेच.

इथे एक गोष्ट जपा. घरी चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या, प्लास्टिकच्या कागदाखाली राहणाऱ्या मुलाला वर्गात 'प्रदूषण करणारा' वाटेल असा धडा घेऊ नका. त्याच्या घरी वस्तू किती दिवस वापरल्या जातात ते विचारा. बाटली, गोधडी, पत्र्याचा डबा. वापर कमी करणं आणि पुन्हा वापरणं यातला तज्ज्ञ तोच निघतो.

गावातला प्रश्न नाजूक असेल, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी, नदीतला वाळूउपसा, तर शिक्षक म्हणून आपली अडचण होते हे खरं आहे. अशा वेळी आरोप नको, नोंद हवी. पाण्याचा रंग, वास, तारीख, मासे दिसले की नाही. बालसभेत मुलं ती नोंद वाचतील. निर्णय मोठ्यांनी घ्यायचा.

प्रशिक्षण निवडताना

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम, आणि संस्थांच्या कार्यशाळा असे तीन मार्ग आपल्यापुढे असतात. 'दीक्षा'चे अभ्यासक्रम पायाभूत माहितीसाठी ठीक. ते एकट्याने न करता दोघांनी मिळून करा आणि प्रत्येक घटकानंतर आपल्या आवारात एक कृती करून पाहा. संस्थांमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही 1883 पासूनची. गोरेगावला फिल्मसिटीजवळ तिचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन ही अहमदाबादची संस्था 1984 मध्ये सुरू झाली आणि तिचं काम मुख्यतः शाळा व शिक्षकांसाठीच आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था शिक्षकांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे.

नाव कितीही मोठं असो, नाव नोंदवण्याआधी चार प्रश्न विचारा. किती वेळ सभागृहाबाहेर असणार? साहित्य मराठीत आहे का? बहुवर्ग शाळेत, एका खोलीत दोन इयत्ता बसवणाऱ्या शिक्षकाला ते वापरता येईल का? आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भेट आहे का? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मी एकदा दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. चाळीस शिक्षक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर ध्रुवीय अस्वलं आणि वितळणारे हिमनग. खिडकीबाहेर पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. हवामानबदल शिकवायचाच आहे, पण आपल्या मुलांनी तो अवकाळी पावसात, गारपिटीत आणि मोहोर गळालेल्या आंब्यात पाहिलेला आहे. तिथून सुरुवात करणारं प्रशिक्षण शोधा.

केंद्रात स्वतः एक दिवस घ्यायचा तर

चांगलं प्रशिक्षण जवळ नसेल तर केंद्राच्या शिक्षण परिषदेचा एक दिवस मागून घ्या. पंचवीस-तीस शिक्षक, कुठलीही एक शाळा, आणि व्याख्याता नको. आम्ही जे केलं ते सांगते.

सकाळी दहाला सगळ्यांना दोन-दोनच्या जोडीत आवारात सोडलं. प्रत्येक जोडीला दोन मीटर सुतळी. ती जमिनीवर गोल ठेवायची आणि त्या वर्तुळाशेजारी अर्धा तास बसून आत जे जे दिसेल ते लिहायचं. पहिली पाच मिनिटं सगळे म्हणतात, "गवत आहे, माती आहे." दहाव्या मिनिटाला मुंग्या दिसतात. विसाव्या मिनिटाला एक सर गुडघ्यावर आले होते, मुंगी आपल्याहून मोठं बी ओढत कुठल्या भोकात नेते ते बघत. हा अर्धा तास कमी करू नका. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतोच.

साडेअकराला आत येऊन प्रत्येक जोडीने फक्त एक प्रश्न सांगायचा. ते सगळे फळ्यावर लिहायचे आणि मग इयत्तावार पुस्तकं उघडून कोणता प्रश्न कोणत्या धड्याशी जातो ते शोधायचं. हे काम दोन तास चालतं आणि इथेच खरं नियोजन होतं. जेवणानंतर सगळ्यांनी पर्जन्यमापक बनवला आणि घेऊन गेले. शेवटच्या तासात वनरक्षकांना बोलावलं होतं. साप, आग्यामोहोळ आणि जखमी प्राणी दिसला तर काय करायचं एवढंच त्यांनी सांगितलं, आणि शिक्षकांचे सर्वात जास्त प्रश्न तिथे आले. जाताना प्रत्येकाने कागदावर लिहून दिलं: मी कोणती एक गोष्ट, कोणत्या वारी मोजणार. तीन महिन्यांनी त्याच परिषदेत वह्या घेऊन यायचं ठरलं. सव्वीसपैकी अकरा जण वही घेऊन आले. ज्यांची सुटली त्यांना का सुटली ते विचारलं. बहुतेकांनी तीन-चार गोष्टी एकदम घेतल्या होत्या.

मुलांना बाहेर नेताना

आवाराबाहेर जायचं तर पालकांची लेखी संमती, दोन मोठी माणसं, मुलांची यादी आणि पाणी हवंच. आदल्या दिवशी वाट स्वतः चालून या. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाटेवर असतील तर वाट बदला. मोहोळ दिसलं तर तिथे आवाज नाही, दगड नाही, धूर नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप चित्रांवरून सगळ्यांना ओळखता यायला हवेत. दंश झाल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको; हालचाल न करता 108 ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. वनविभागाचा 1926 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

गुण कशाला द्यायचे

झाड लावलं म्हणून गुण देऊ नका. झाड पालक लावून देतात. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात मी तीन गोष्टी बघते: नोंद वेळेवर झाली का, जे दिसलं तेच लिहिलं का, आणि प्रश्न स्वतःचा आहे का. "आज काही बदल नाही" ही नोंद पूर्ण गुणांची आहे. हे मुलांना सुरुवातीलाच सांगा, नाहीतर ती बाईंना आवडेल म्हणून नसलेली फुलं लिहितात. एकदा तसं झालं तेव्हा मी रागावले नाही. सगळा वर्ग झाडाखाली नेला आणि कळ्या शोधायला सांगितल्या.

बदली झाली तर

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होतेच, आणि बहुतेक उपक्रम तिथे थांबतात. म्हणून वही शाळेच्या नावाने ठेवा, आपल्या नाही. पहिल्या पानावर झाडाची जागा, मापकाची जागा, नोंदीचा वार आणि वेळ लिहा. दुसऱ्या पानावर रकाने कसे भरायचे ते मुलांच्याच भाषेत. दरवर्षी मार्चमध्ये पाचवीचा गट चौथीच्या गटाला झाडाखाली नेऊन काम समजावून देतो, आणि दोन्ही गट त्या दिवशीच्या नोंदीखाली सह्या करतात. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, वर्गाच्या दाराशी खिळ्याला दोरीने टांगलेली हवी, पेन्सिलीसकट.

माझी बदली चार वर्षांपूर्वी झाली. जुन्या शाळेतली करंजाची वही आता तिसरी आहे. यंदा पालवीची पहिली नोंद 11 मार्चची आहे, आणि प्रश्नाच्या रकान्यात लिहिलंय: "मागच्या वर्षी 19 ला आली होती. का?"